पाचही जणी गेल्या, तरी ३८-० : साउथ कॅरोलायनाच्या मुलींनी हे कसं जमवलं?

प्रश्न असा आहे : "मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. गेल्या वर्षी आमच्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा जिंकली. पाचही मुख्य खेळाडू शेवटच्या वर्षाला होत्या, त्या आता पास होऊन गेल्या. उरल्या आहेत बेंचवरच्या मुली आणि काही नव्या. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाचेही पाचही स्टार्टर (सामना सुरू करणाऱ्या मुख्य खेळाडू) गेले होते आणि तरी पुढच्या मोसमात त्या एकही सामना हरल्या नाहीत, असं वाचलं. हे कसं शक्य झालं? त्यातलं आपल्याकडे काय करता येईल?"

सर, मी बावीस वर्षं कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते आहे. तुम्ही ज्या अवस्थेत आहात तिथे मी दोनदा होते. पहिल्यांदा मी संघ अक्षरशः मोडू दिला, त्याबद्दल पुढे लिहिते. आधी तुमच्या प्रश्नातला एक शब्द जरा बाजूला करू : 'उरल्या'.

साउथ कॅरोलायनाच्या २०२२-२३ च्या संघातून पाचही स्टार्टर गेले, हे खरं आहे. अलिया बॉस्टन, झिया कुक, ब्रिया बील, व्हिक्टेरिया सॅक्स्टन आणि किएरा फ्लेचर. बॉस्टनला तर त्या वर्षी डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सर्वांत आधी निवडलं गेलं. त्या संघाने ३६ सामने जिंकले आणि एकच हरला, पण तो नेमका राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीतला : आयोवाविरुद्ध ७३-७७. आयोवाच्या केटलिन क्लार्कने एकटीने ४१ गुण केले होते. म्हणजे मोसम संपला तेव्हा पदरात पराभव होता आणि अख्खा पहिला संघ निघून गेला होता. कागदावर पाहिलं तर पुढचं वर्ष बांधणीचं मानायला हवं होतं.

पण राहिलेल्या मुलींची नावं बघा. कामिला कार्डोसो, ब्राझीलमधून पंधराव्या वर्षी अमेरिकेत आलेली, सहा फूट सात इंच उंचीची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी. बॉस्टन असताना ती बेंचवरून उतरायची, आणि तशी उतरूनच तिने त्यांच्या विभागात वर्षातल्या सर्वोत्तम 'सहाव्या खेळाडू'चा मान मिळवला होता. रेव्हन जॉन्सन, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी, तीही बेंचवर. ब्री हॉल, ॲशलिन वॉटकिन्स, सानिया फेगिन, सगळ्या बेंचवर. क्लोई किट्स तर शाळा लवकर संपवून डिसेंबर २०२२ मध्ये, मोसम अर्धा झाल्यावर संघात आली. या मुली त्या वर्षभर बाकावर बसून टाळ्या वाजवत नव्हत्या. संघ वीस-तीस गुणांनी पुढे गेला की त्या कोर्टवर असायच्या, आणि काही जणी तर सामना अटीतटीचा असतानाही उतरायच्या.

म्हणून माझं उत्तर एका वाक्यात असं : ३८-० चा (३८ विजय, एकही पराभव नाही) मोसम २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालाच नाही, तो त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या फळीला दिलेल्या मिनिटांत सुरू झाला होता.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण याच्या उलट केल्याचं फळ मी भोगलं आहे. माझ्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे पाच फार चांगल्या मुली होत्या. मी त्यांना चाळीसच्या चाळीस मिनिटं खेळवायचे. पंचवीस गुणांनी पुढे असलो तरी बदल करायला हात धजत नसे. वाटायचं, फरक कमी झाला तर? त्या वर्षी आम्ही पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघात चार मुली दिल्या, सत्कार झाले, फोटो छापून आले. पुढच्या जुलैत सरावाला नऊ मुली उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीनेही खऱ्या सामन्यात सलग पाच मिनिटं खेळलेली नव्हती. पहिल्याच सामन्यात समोरच्यांनी प्रेस लावला, म्हणजे आमच्याच अर्ध्यात येऊन अडवायला लागल्या, आणि आम्हाला बॉल अर्ध्या रेषेपलीकडे नेता येईना. एका मुलीने मध्यंतरात मला विचारलं, "मॅडम, गेल्या वर्षी तीस-तीसने जिंकत होतो, तेव्हा का नाही उतरवलं आम्हाला?" मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी चार मुलींनी खेळ सोडला. तो दोष माझा होता.

हिशेब सोपा आहे. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, कोर्टवर पाच जणी, म्हणजे एका सामन्यात वाटायला २०० मिनिटं असतात. पाच जणींनाच सगळी दिली तर उरलेल्या सात जणींना शून्य. आता मी मोसमाच्या सुरुवातीला वहीत लिहून ठेवते : साखळीतल्या सामन्यांत दुसऱ्या फळीला मिळून किमान ७० मिनिटं. सामना अडचणीत असला तरी त्यातली निम्मी मिनिटं द्यायचीच. आपल्याकडे तर याची गरज अमेरिकेपेक्षा जास्त आहे. त्यांचे सामने आठवड्यात दोन-तीन असतात. आपल्या झोनल स्पर्धा तीन-चार दिवसांत उरकतात, कधी सकाळी एक आणि दुपारी एक सामना येतो, तोही उघड्या सिमेंटच्या कोर्टवर उन्हात. उपांत्य फेरीला पाचही मुलींचे पाय उचलत नाहीत आणि आपण म्हणतो, मुली दबावाखाली आल्या. पुष्कळदा तो दबाव नसतो, थकवा असतो.

आता २०२३-२४ च्या त्या मोसमाकडे येते. त्याचा प्रत्येक टप्पा शिकण्यासारखा आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली, ६ नोव्हेंबर २०२३ ला, नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध. १००-७१. मिलेशिया फुलवायली नावाची पहिल्या वर्षाची मुलगी, त्यांच्याच कोलंबिया शहरातली, आपल्या रिंगखालून बॉल घेऊन निघाली, धावता धावता पाठीमागून ड्रिबल बदलला आणि थेट ले-अप (रिंगजवळ पोचून टाकलेला शॉट) टाकला. ती चित्रफीत जगभर फिरली. तुमच्या मुलींना जरूर दाखवा. पण त्यासोबत हेही सांगा की ही मुलगी त्या वर्षी स्टार्टर नव्हती. स्टार्टर होत्या रेव्हन जॉन्सन, टे-हिना पाओपाओ, ब्री हॉल, क्लोई किट्स आणि कार्डोसो. फुलवायली बेंचवरून यायची आणि दमलेल्या गार्डवर तुटून पडायची.

प्रशिक्षक डॉन स्टेली या संघाला 'पाळणाघर' म्हणायच्या. नव्या, अवखळ, सरावात उशिरा येणाऱ्या, सतत हसणाऱ्या मुली. आदल्या वर्षीच्या मुली स्वतःच एकमेकींना शिस्त लावत होत्या, आता ते काम पुन्हा प्रशिक्षकाकडे आलं होतं. स्टेलींबद्दल थोडं सांगायला हवं. फिलाडेल्फियाच्या उत्तर भागातल्या सरकारी वसाहतीत त्या वाढल्या. खेळाडू म्हणून १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली, अथेन्समध्ये अमेरिकेचा ध्वज हाती घेऊन चालल्या. टोकियोत मुख्य प्रशिक्षक म्हणूनही सुवर्ण आलं. २००८ मध्ये त्या साउथ कॅरोलायनात आल्या, आणि त्यांचा तिथला पहिला मोसम होता १० विजय, १८ पराभव. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २०१७ मध्ये, दुसरं २०२२ मध्ये. तुमचे प्राचार्य दोन वर्षांत निकाल मागत असतील, तर हे आकडे त्यांना दाखवायला हरकत नाही : १०-१८ पासून पहिल्या विजेतेपदापर्यंत नऊ मोसम लागले.

प्रामाणिकपणे हेही सांगते की पैशाची आणि सोयींची तुलना होऊच शकत नाही. त्यांच्याकडे पंधरा मुलींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, १८,००० प्रेक्षकांचं स्टेडियम आहे, दुसऱ्या विद्यापीठातून तयार खेळाडू येऊ शकते. पाओपाओ तशीच ओरेगन विद्यापीठातून आली, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून अख्ख्या देशात तिच्याइतका अचूक नेम त्या वर्षी क्वचितच कोणाचा होता. हे आपल्याला मिळणार नाही. पण मिनिटांची वाटणी करायला पैसा लागत नाही. त्या संघाच्या सर्वाधिक गुण करणाऱ्या कार्डोसोची सरासरी होती सामन्यामागे १४.४. एकही मुलगी वीसच्या जवळ नव्हती आणि तरी संघ देशात सर्वांत बलवान होता. समोरच्या संघाने कोणाला अडवायचं? हाच खरा प्रश्न त्यांनी प्रत्येकाला घातला. फेब्रुवारीत कार्डोसो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडून ऑलिंपिक पात्रता फेरी खेळायला गेली, आणि तिच्याशिवाय त्यांनी कनेक्टिकट विद्यापीठाला ८३-६५ असं हरवलं.

यानंतर रेव्हन जॉन्सन. या मुलीची गोष्ट मी दरवर्षी माझ्या संघाला सांगते.

२०२३ च्या त्या उपांत्य सामन्यात आयोवाने एक साधी युक्ती केली होती. रेव्हनला बाहेरून शॉट जमत नाही, तिला मोकळं सोडा, आणि सगळ्या जणी आत रिंगखाली गर्दी करून बॉस्टनला कोंडा. रेव्हन तीन गुणांच्या रेषेवर बॉल घेऊन उभी असताना क्लार्कने हातानेच "टाक की" अशी खूण केली आणि तिच्याकडे गेलीच नाही. देशभर ते दृश्य दाखवलं गेलं. वीस वर्षांच्या मुलीला हे किती लागलं असेल! रेव्हन नंतर उघडपणे सांगायची की तिने ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली, खेळ सोडायचे विचारही मनात आले. त्याआधी २०२१-२२ चा जवळजवळ पूर्ण मोसम तिने गुडघ्याच्या दुखापतीत गमावला होता, हेही लक्षात घ्या. मग तिने उन्हाळाभर शॉटवर काम केलं आणि पुढच्या मोसमाला परतफेडीचा दौरा म्हटलं.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत इंडियाना विद्यापीठाविरुद्ध साउथ कॅरोलायनाची २२ गुणांची आघाडी वितळत वितळत शेवटच्या मिनिटाच्या सुमारास दोनवर आली. बॉल रेव्हनकडे आला, बाहेर, मोकळी. तिने टाकला. तीन गुण. सामना ७९-७५ असा सुटला. वर्षभरापूर्वी जिला मुद्दाम मोकळं सोडलं होतं, तिच्याच हातून, तशाच जागेवरून.

मी प्रशिक्षक म्हणून यातून काय घेते? मोसम संपला की प्रत्येक मुलीचा एकच दोष नाव घेऊन सांगायचा आणि सुट्टीत त्यावरच काम द्यायचं. "सगळं सुधारा" म्हटलं की काहीच सुधारत नाही. "तुला डाव्या हाताने ले-अप येत नाही, म्हणून प्रत्येक संघ तुला डावीकडे ढकलतो" असं सांगितलं की मुलगी रोज शंभर ले-अप टाकते. हे चारचौघांत नाही, एकटीला बाजूला घेऊन सांगायचं.

गुडघ्याचं निघालंच आहे तर तेही लिहून टाकते. उडी मारून उतरताना, अचानक थांबताना गुडघ्याचा आतला लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. आपल्याकडे सिमेंटचं कोर्ट आणि झिजलेल्या तळव्याचे बूट. सरावाआधी पंधरा मिनिटं फक्त उतरायचं शिकवा : दोन्ही पायांवर, आवाज न करता, गुडघे वाकवून, गुडघे आत न वळवता. माझ्या संघात हा नियम आहे की उडीचा आवाज आला तर ती उडी पुन्हा. याला साधन लागत नाही आणि एखाद्या मुलीचं वर्ष वाचतं.

त्या मोसमात सगळं सुरळीत झालं असंही नाही. मार्चमध्ये विभागीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत टेनेसीविरुद्ध त्या ७१-७३ अशा मागे होत्या आणि घड्याळात १.१ सेकंद उरला होता. बॉल आत टाकला गेला तो कार्डोसोकडे, रेषेच्या बाहेर. तिने कॉलेजच्या कारकिर्दीत तोवर एकही थ्री-पॉइंटर घातला नव्हता. तिने टाकला, बॉल बोर्डाला लागून आत गेला. ७४-७३. दुसऱ्या दिवशी लुईझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात धक्काबुक्की झाली, कार्डोसोने समोरच्या खेळाडूला ढकललं, तिला बाहेर काढलं गेलं, आणि राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना तिला बाहेर बसावं लागलं. नशिबाचा भाग होता, चुका होत्या, रागही होता. ३८-० या आकड्यात हे दिसत नाही. पण टेनेसीच्या सामन्यातला तो शॉट नशिबाने गेला असला, तरी बॉल कार्डोसोपर्यंत पोचला ते नशिबाने नव्हे. एका सेकंदात बाहेरून बॉल टाकायचा असा डाव आधी ठरवून ठेवावा लागतो. तुमच्याकडे असा एक डाव आहे का? नसेल तर आठवड्यातून एकदा सरावाची शेवटची पाच मिनिटं यालाच द्या.

अंतिम सामना ७ एप्रिल २०२४ ला क्लीव्हलँडला झाला, पुन्हा आयोवाशी. आयोवाने १०-० अशी सुरुवात केली. पहिल्या क्वार्टरमध्ये क्लार्कने एकटीने १८ गुण केले, अंतिम सामन्याच्या एका क्वार्टरमधला तो विक्रमच. क्वार्टर संपला तेव्हा साउथ कॅरोलायना २०-२७ अशी मागे होती. इथे घाबरलेला प्रशिक्षक आपल्या पाच जणींना तसाच कोर्टवर ठेवतो. स्टेलींनी बेंच उघडला. टेसा जॉन्सन, पहिल्या वर्षाची मुलगी, उतरली आणि तिने १९ गुण केले, संघात सर्वाधिक. क्लार्कच्या मागे रेव्हनला लावलं. पुढच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून क्लार्कला १२ गुण करता आले. मध्यंतराच्या तोंडावर रेव्हनने तिच्या हातातून बॉल हिसकावला आणि एकटी धावत जाऊन ले-अप घातला, तो क्षण मी किती वेळा पाहिला असेन. त्या सामन्यात रेव्हनच्या नावावर मोजकेच गुण होते, शॉट लागत नव्हते. पण माझ्या मते सामना तिनेच फिरवला. गुणतक्त्यात न दिसणारं हे काम मुलींना दाखवून द्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक जण फक्त बास्केट मोजते.

शेवटचा आकडा ८७-७५. त्याहून मला महत्त्वाचे वाटतात ते दोन आकडे : बेंचवरून आलेल्या खेळाडूंचे गुण, साउथ कॅरोलायना ३७, आयोवा शून्य. आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल), ५१ विरुद्ध २९. कार्डोसोने एकटीने १७ रिबाउंड घेतले. आयोवाकडे त्या घडीची जगातली सर्वांत मोठी कॉलेज खेळाडू होती आणि तिला एका मिनिटाचीही उसंत देणं त्यांना परवडत नव्हतं. समोर ताज्या पायांच्या मुली एकामागून एक येत राहिल्या. त्या दिवशी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर हा सामना सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त. आम्ही मुली खेळायचो तेव्हा मुलांचा सामना लवकर सुरू करता यावा म्हणून आमचा अर्ध्यात उरकला जायचा. त्यामुळे हा आकडा वाचला तेव्हा मला भरून आलं.

राष्ट्रीय विजेतेपद आणि एकही पराभव नाही, असं एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) महिला बास्केटबॉलमध्ये तोवर फक्त नऊ वेळा घडलं होतं. त्यातले सहा मोसम एकट्या कनेक्टिकटचे. म्हणून तुमच्या मुलींपुढे 'अपराजित' हे ध्येय ठेवू नका. स्टेलींच्या मुलींपुढेही ध्येय होतं ते आदल्या वर्षीचा तो एक पराभव धुऊन काढायचं.

आता तुमच्या संघाचं. बेंचवरच्या मुली आहेत असं तुम्ही लिहिलंत. गेल्या वर्षीच्या स्कोअरशीट काढा आणि प्रत्येकीने किती सामन्यांत कोर्टवर पाय ठेवला, ते लिहा. कोणी बरीच खेळली असेल तर तिच्याभोवती संघ उभा करा. सगळ्यांच्या नावापुढे काहीच नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जवळच्या कॉलेजांशी, शाळांशी, मुलांच्या ज्युनिअर संघाशीसुद्धा, किमान दहा सराव सामने ठेवा. निकाल लिहू नका, मिनिटं लिहा. पहिल्या महिन्यात डिफेन्स आणि बॉक्स आउट यांवरच भर द्या. शॉट बसायला वर्षं लागतात, पण रिबाउंडसाठी पाठ लावून समोरचीला बाहेर ठेवणं सहा आठवड्यांत येतं, आणि आपल्या पातळीवर निम्मे सामने त्यावरच जिंकता येतात.

नव्या मुली शोधताना बास्केटबॉल खेळलेल्याच हव्यात असा हट्ट धरू नका. प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या रांगेत खो-खो खेळलेल्या मुली विचारा. खाली वाकून धावणं, क्षणात दिशा बदलणं, समोरचीच्या खांद्यावरून ती कुठे वळणार ते ओळखणं त्यांना आधीच येतं. माझ्या आजवरच्या सर्वांत चांगल्या तीन डिफेंडर खो-खोमधून आल्या. त्यांना पहिल्या वर्षी शॉट टाकायला सांगूच नका, समोरच्या संघाच्या सर्वांत चांगल्या गार्डच्या मागे लावा.

आणि घरच्यांशी आधी बोला. संध्याकाळी सातनंतर मुलगी बाहेर राहणार नाही असं बहुतेक घरांत असतं, आणि त्यांची काळजी खोटी नसते. मी सराव पहाटे साडेपाचला हलवला, पालकांना पहिल्या आठवड्यात कोर्टवर बोलावलं, परतीच्या एसटीची वेळ पाहून सराव सोडायला लागले. त्यानंतर मधेच संघ सोडणाऱ्या मुली जवळजवळ थांबल्या.

बारा जणींची नावं, उंची, कोण कुठे खेळली आहे आणि गेल्या वर्षीची मिनिटं एवढं लिहून पाठवा. पहिल्या चार सराव सामन्यांच्या बदलांचा तक्ता आपण मिळून करू.